खानावळीचा 'शोध'

२०२४च्या ऑगस्टमध्ये एका दिवाळी अंकासाठी मी एक लेख लिहून पाठवला. विषय संपादकांनीच सुचवला होता. मे महिन्याच्या सुट्टीत मी भाच्याकडे मॉन्ट्रियलला गेले होते, तिथे हैतीच्या लोकांनी चालवलेल्या दोन-तीन खानावळींत जेवले होते, आणि हे कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेले होते. लेख महिन्याभराने परत आला, सोबत तीन सूचना होत्या. डुकराच्या मांसाविषयी जे दोन परिच्छेद आहेत ते 'मांसाहारी पदार्थ' एवढ्या उल्लेखावर आणावेत, कारण दिवाळी अंक घरात सगळेच वाचतात. इतिहासाचा भाग गाळावा, सणासुदीला तो जड वाटतो. आणि दोन पाककृती द्याव्यात, जमल्यास शाकाहारी. शीर्षक मात्र त्यांना फार आवडले होते. ते माझेच होते: 'मॉन्ट्रियलमध्ये लागलेला हैतीचा शोध'.

पहिले काही दिवस माझा सगळा राग संपादकांवर होता. मग एका संध्याकाळी लेख पुन्हा वाचायला घेतला आणि शीर्षकापाशीच अडखळले. त्यांनी गाळायला सांगितलेले सगळे मी शीर्षकातच अगोदर गाळून टाकले होते. प्रस्तुत टिपण त्या एका शब्दाविषयी आहे, आणि ज्या लेखनपरंपरेने तो शब्द इतक्या सहजपणे माझ्या हाताशी दिला तिच्याविषयी.

शोध कुणाला लागला आणि कशाचा? मॉन्ट्रियलच्या उत्तर भागात, जारी रस्त्याच्या पूर्वेकडच्या टोकाला, सें-मिशेल आणि मॉन्ट्रियल-नोर या वस्त्यांत हैतीची माणसे १९६०च्या दशकापासून राहत आली आहेत. पहिल्या लाटेत आलेले बहुतेक शिकलेले होते. दुवालिए बापलेकांच्या हुकूमशाहीतून (१९५७ ते १९८६) जीव वाचवून बाहेर पडलेले डॉक्टर, शिक्षक, परिचारिका. क्वेबेक प्रांतात त्याच सुमारास शाळा आणि रुग्णालये झपाट्याने वाढत होती आणि फ्रेंच जाणणारी माणसे हवीच होती. नंतर कारखान्यात राबणारे आले, टॅक्सी चालवणारे आले. आज कॅनडात हैती मूळ सांगणारे दीड लाखांहून अधिक लोक आहेत, त्यांतले बहुसंख्य या एका प्रांतात. म्हणजे साठ वर्षांची वस्ती. तिथल्या खानावळीचा 'शोध' मला लागला!

माझा भाचा त्या शहरात तेरा वर्षे राहतो. त्याच्या घरापासून जारी रस्ता मेट्रोने पंचवीस मिनिटांवर. मी जायचे म्हटले तेव्हा तो म्हणाला, "मावशी, तिकडे कशाला जायचंय तुला? बघण्यासारखं काही नाही तिकडे." मी विचारले, "तू कधी गेलायस?" तो गेला नव्हता. त्याची बायको मात्र हसून म्हणाली, की आमच्या मुलीला पहिली लस टोचली ती नर्स हैतीचीच होती. पोरीला हातात घेणारी बाई चालते, ती बाई जिथे जेवते तो रस्ता मात्र 'तिकडे' असतो. भाच्याला दोष देण्यात अर्थ नाही. पुण्यात आपणही किती वस्त्यांना 'तिकडे' म्हणतो ते आपल्याला माहीत आहे.

आता शब्दाकडे. 'कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला' हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केले आहे. त्या 'शोधा'त कोलंबस डिसेंबर १४९२मध्ये ज्या बेटाच्या किनाऱ्याला लागला आणि ज्याला त्याने 'ला एस्पान्योला' असे नाव देऊन टाकले, त्याच बेटाच्या पश्चिम भागात आजचा हैती आहे. तिथे राहणाऱ्या ताइनो लोकांकडे बेटाला स्वतःचे नाव होते: आयिती, डोंगराळ भूमी. शोध लागल्यानंतर काही दशकांत ताइनो समाज जवळजवळ नामशेष झाला. पुढे फ्रेंचांनी या पश्चिम भागाला सें-दोमँग म्हटले आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या राबण्यावर त्याला जगातली सर्वांत श्रीमंत वसाहत बनवले. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे सुमारे पाच लाख गुलाम होते. १७९१च्या ऑगस्टमध्ये ते उठले, तेरा वर्षे लढले, नेपोलियनने धाडलेली फौजही त्यांनी हरवली, आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र देश जाहीर केला तेव्हा त्याला नाव दिले ते ताइनोंचे जुने नाव. अशा देशाच्या ताटासमोर बसून लेखाला नाव काय द्यायचे, तर 'शोध'. मराठीची प्राध्यापिका म्हणून वीस वर्षे शब्दांच्या छटा शिकवणाऱ्या बाईच्या हातून!

त्या ताटाविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण संपादकांना ते आखूड हवे होते.

ताटात चार गोष्टी होत्या. ग्रियो म्हणजे डुकराच्या मांसाचे मोठे तुकडे. आंबट नारिंगाच्या रसात, लसूण-पातीकांदा-पार्सली-थाइम यांच्या हिरव्या वाटणात मुरवलेले, आधी शिजवून मग तळलेले. या वाटणाला एपिस म्हणतात. आपल्या घरात जशी गोडा मसाल्याची बरणी तशी त्यांच्या घरात एपिसची, आणि प्रत्येक घराची निराळी. शेजारी बानान पेझे: कच्च्या केळ्याच्या चकत्या एकदा तळायच्या, दाबून चपट्या करायच्या, परत तळायच्या. राजम्यासारख्या दाण्यांबरोबर शिजवलेला भात. आणि पिक्लिझ: बारीक चिरलेला कोबी, गाजर, कांदा आणि एक फार जहाल मिरची, सगळे व्हिनेगरमध्ये मुरलेले. पिक्लिझच्या पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आले आणि कोल्हापूरच्या माणसालाही घाम फुटवणारे काही जगात आहे, याचा खोल आनंद झाला. दुसऱ्या दिवशी जोन-जोन नावाच्या काळ्या आळंब्यांच्या पाण्यात शिजवलेला भात खाल्ला. रंग काजळासारखा, वास पहिल्या पावसानंतरच्या रानासारखा. हा शाकाहारी आहे, संपादकांनी नोंद घ्यावी.

ग्रियोचा पहिला घास मात्र माझ्या घशाशी थांबला, हे लपवणार नाही. मी मांसाहार करते. परंतु आमच्या घरात 'डुक्कर' हा शब्द फक्त शिवी म्हणून ऐकला होता. पदार्थ उत्तम होता, अडकले होते ते दुसरेच काही. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) माझ्या कपाटात आहे, त्यावर मी वर्गात बोललेही आहे. मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजते, का शिजते आणि ते शिजते म्हणून त्या माणसांना काय ऐकावे लागते, याची ती नोंद. पुस्तकाला वर्गात मान द्यायला मला काहीच पडले नव्हते. जिभेची परीक्षा व्हायला मॉन्ट्रियल गाठावे लागले, ही शरमेची गोष्ट आहे. ती माझ्या मूळ लेखात होती, आणि 'मांसाहारी पदार्थ' या दोन शब्दांत नेमकी तीच नाहीशी होणार होती.

'डुक्कर' हा शब्द गाळला की आणखीही बरेच गळते. हैतीच्या खेड्यात काळे, काटक, पडेल ते खाणारे गावठी डुक्कर ही शेतकऱ्याची बँक होती. आपण शेळीला गरिबाची गाय म्हणतो, तसेच काहीसे. मुलाची फी, घरातले आजारपण, लग्न, मयत, यांसाठी डुक्कर विकले जाई. १७९१च्या उठावाआधी ब्वा काइमान येथे जी शपथ घेतली गेली, तिच्या कथेतही काळ्या डुकराचा बळी आहे. १९७०च्या दशकाच्या शेवटी बेटावर डुकरांचा आफ्रिकन ताप आला आणि तो अमेरिकेत पसरेल या धास्तीने, अमेरिकेच्या पुढाकाराने, १९८३पर्यंत हैतीतली जवळजवळ सगळी गावठी डुकरे मारून टाकण्यात आली. बदल्यात अमेरिकेतून डुकरे आली. त्यांना पक्के छप्पर लागे, विकतचे खाद्य लागे. शेतकऱ्यांनी त्यांना 'चार पायांचे राजपुत्र' असे नाव ठेवले. लोकांनी दिलेल्या नावांत किती नेमकी समीक्षा असते! एका पिढीची बचत अशी गेली.

भाताचीही गोष्ट अशीच. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हैती आपल्याला लागणारा बहुतेक तांदूळ आपणच पिकवत असे. १९९५मध्ये बाहेरच्या दबावाखाली आयात शुल्क ३ टक्क्यांवर आणले गेले, अनुदानावर पिकलेला स्वस्त अमेरिकन तांदूळ बाजारात ओतला गेला आणि आर्तिबोनित खोऱ्यातला शेतकरी बसला. मार्च २०१०मध्ये बिल क्लिंटन यांनी सिनेटच्या समितीपुढे ही चूक असल्याची कबुली दिली. आपल्या आर्कान्सा राज्यातल्या काही शेतकऱ्यांचे यात भले झाले असेल, पण हैतीचा स्वतःला पोसण्याचा बळ गेला, अशा अर्थाचे ते बोलले. कबुलीने खोऱ्यात भात उगवत नाही. असो.

येथे एक आक्षेप मला अपेक्षित आहे, कारण तो माझ्याच एका सहकाऱ्याने घेतला. "जेवणाचा लेख आहे, खाऊ द्या ना लोकांना. प्रत्येक घासाला इतिहास कशाला?" आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक ताट म्हणजे प्रतिकार, प्रत्येक वाटी म्हणजे जखम, असे लिहिणाऱ्यांचीही एक जमात अलीकडे वाढली आहे आणि तिच्या लेखनात मीठ नसते. खानावळीतल्या काउंटरवरच्या बाईंना मी मोठ्या गंभीरपणे तुमच्या त्या प्रसिद्ध भोपळ्याच्या सूपविषयी, त्याच्या इतिहासाविषयी, विचारायला गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि सांगितले, की सूप रविवारी असते, दहाच्या आत या, नंतर उरत नाही. झाले. पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. मला इतिहास शिकवणे हे त्यांचे काम नव्हते. ते काम माझे होते आणि मी ते घरून करून यायला हवे होते.

रविवारी साडेनऊला गेले. सूप जुमू. लाल भोपळा शिजवून घोटलेला, त्यात गोमांस, बटाटा, गाजर, कोबी, शेवयांसारखे काही, आणि तीच मिरची, अख्खी सोडलेली, फुटू न देता. सांगतात ते असे, की वसाहतीच्या काळात हे सूप मालकांच्या टेबलावर जाई, ते रांधणाऱ्या गुलामांना ते चाखायची मुभा नव्हती. म्हणून स्वातंत्र्याच्या पहिल्या दिवशी, १ जानेवारी १८०४ला, सगळ्यांनी ते प्यायले आणि दर १ जानेवारीला आजही पितात. डिसेंबर २०२१मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. हैतीची ही पहिलीच नोंद. स्वातंत्र्याची किंमत किती, तर १८२५मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँकची 'भरपाई' मागितली. भरपाई कशाची? मालकांच्या गेलेल्या मालमत्तेची, म्हणजे जमिनीची आणि खुद्द त्या माणसांची. ती फेडायला पुन्हा फ्रेंच बँकांकडूनच कर्ज. १८३८मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, पण कर्जाचे शेवटचे हप्ते फिटायला १९४७ साल उजाडले. आपल्याला स्वातंत्र्य मिळाले ते वर्ष.

सहकाऱ्याच्या आक्षेपाला माझे उत्तर एवढेच, की सूप मला खूप आवडले आणि हे सगळे ठाऊक असल्यामुळे ते कमी आवडले नाही. तुकारामाचा अभंग शिकवताना इंद्रायणीचा प्रसंग सांगितल्याने अभंगाची गोडी घटते, असे आपण वर्गात कधी म्हणतो का? मग ताटाला वेगळा न्याय का? आपण ज्याला साहित्यकृती मानतो तिला कर्ता असतो, काळ असतो, भाषा असते. परक्याच्या अन्नाला मात्र फक्त चव असते, आणि तिचा निवाडा करायला आपण असतो.

ही सवय आपल्याला प्रवासवर्णनांनी लावली, असे माझे मत आहे. मराठी प्रवासवर्णनाचा मोठा हिस्सा गेली साठ-सत्तर वर्षे अपूर्वाईच्या छायेत वाढला. पु.लं.चे 'अपूर्वाई' (१९६०) मला आजही आवडते. त्यातला माणूस स्वतःवर हसू शकतो, ही त्याची खरी ताकद. परंतु मागून आलेल्यांनी हसणे ठेवले आणि स्वतःला वगळले. उरले ते परक्या पदार्थाचे विचित्र नाव, त्यावर एक कोटी, 'आपल्या थालीपिठासारखेच की हो' असा दिलासा आणि छायाचित्र. अभ्यासक्रमात आपण प्रवासवर्णनाची लक्षणे सांगतो त्यांत 'नावीन्य' आणि 'सौंदर्यदृष्टी' हमखास असतात. ज्याच्याकडे पाहिले जात आहे त्याचे काय, हा प्रश्न मी स्वतः कधी परीक्षेत विचारलेला नाही.

आणि आपल्याला दुसरे काही माहीत नव्हते, असेही म्हणता येत नाही. पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' १८८९चे आहे. रमाबाई शाकाहारी होत्या, ताटात काय घ्यायचे याबाबत काटेकोर होत्या. पण त्या देशात कोण कुणाला कसे वागवते, काळ्या माणसांची आणि मूळ रहिवाशांची काय गत आहे, हे त्यांनी पाहिले आणि मराठीत लिहिले. त्याहून आधी, १८७३मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना. ही अर्पणपत्रिका आपण दरवर्षी शिकवतो. मीही शिकवते. पण गुलामांनी स्वतः लढून, कुणाच्या कृपेवाचून, एक देश उभा केल्याला तेव्हा एकोणसत्तर वर्षे झाली होती, आणि अमेरिकेने त्या देशाला मान्यता द्यायला १८६२ उजाडू दिले, हे मी वर्गात एकदाही सांगितले नव्हते. कारण मलाच ते नीट ठाऊक नव्हते. कॅरिबियन म्हटले की आमच्या पिढीला क्रिकेट आणि नायपॉल आठवतात. गाडी त्रिनिदादपुढे जात नाही.

लेख संपादकांकडे पडून होता त्या दिवसांतली एक घटना सांगते. १० सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या चर्चेत डोनाल्ड ट्रम्प यांनी सांगितले, की ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड गावात आलेले लोक रहिवाशांची पाळलेली कुत्री-मांजरे खातात. रोख हैतीच्या माणसांवर होता. गावच्या अधिकाऱ्यांनी याला काहीही विश्वासार्ह पुरावा नसल्याचे स्पष्ट केले. तरी गावाला बॉम्बच्या धमक्या आल्या, शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. माणसाला माणसांतून उठवायचे असेल तर सुरुवात त्याच्या ताटापासून करतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्याकडे ताटात काय आहे या संशयावरून माणसे मारली गेली आहेत. आणि ताटाइतकीच जीभ पुरते. १९३७मध्ये शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात त्रुहियोच्या सैनिकांनी हैतीच्या हजारो माणसांची कत्तल केली. पार्सलीची जुडी दाखवून तिचे स्पॅनिश नाव उच्चारायला लावायचे आणि ज्याच्या जिभेला तो 'र' जमला नाही तो हैतीचा, असे सांगितले जाते. एडविज दांतिका यांची १९९८ची कादंबरी या कत्तलीवरच आहे. एपिसच्या वाटणात मी जी पार्सली कौतुकाने मोजली होती ती हीच. बोली आणि प्रमाण यांवर परिसंवाद घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी ही गोष्ट ऐकून थोडे थांबावे.

मॉन्ट्रियलमध्येच राहून लिहिणारे दानी लाफेरिएर यांच्या १९९१च्या 'कॉफीचा वास' या अर्थाच्या नावाच्या पुस्तकात आजी अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉफी देते. नातू शेजारी बसून मुंग्या पाहतो. एवढेच. मोठा इतिहास कुठेही घसा खरवडत नाही, पण कधीकाळी जगातल्या कॉफीचा निम्म्याच्या आसपास वाटा ज्या भूमीतून गुलामांच्या हातून निघाला, तिथली म्हातारी ती कॉफी वाटते आहे हे वाचकाला विसरता येत नाही. अन्नावर असे लिहिता येते. २०१३मध्ये फ्रेंच अकादमीने लाफेरिएर यांना सदस्य करून घेतले. मराठीत त्यांच्यावरचा एखादा लेख माझ्या पाहण्यात आलेला नाही.

एक गंमत राहिली. शाकाहारी पाककृती हव्या होत्या म्हणून मी शोधायला लागले, तर हैतीत कसाव्याच्या कंदाची भाकरी करतात, ताइनोंपासून चालत आलेली. आपला साबुदाणा त्याच कंदाचा. उपवासाच्या खिचडीतला साबुदाणा, शेंगदाणा, मिरची, बटाटा, चारही त्या खंडाकडून आलेले, लाल भोपळाही. आषाढी एकादशीला आपण जे अस्सल आणि सात्त्विक म्हणून खातो ते, शाळेच्या पुस्तकाच्या भाषेत सांगायचे तर, कोलंबसाच्या शोधानंतरचे. ही माहिती मी संपादकांना कळवली. तिच्यावर त्यांचा काही अभिप्राय आला नाही.

लेख मागे घेत असल्याचे मी कळवले तेव्हा दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज सौजन्याचा होता. मॅडम, तुमचा निर्णय समजतो, म्हणाले, पण ताटाची छायाचित्रे फारच सुंदर आहेत. तेवढी 'जगभरचे चटकदार' या पानावर वापरली तर चालेल का? नाव तुमचेच देऊ.

मी नाही म्हटले.